पॅलेडियमची तार

बाई तार चिमटीत फिरवत म्हणत, "धातू पोटात ठेवतो. माफ करत नाही."

नव्वदीच्या सुरुवातीला मी बडोद्याच्या एका महाविद्यालयात नोकरीला लागलो, तेव्हा त्या धातुशास्त्र शिकवत. जड पाण्यात पॅलेडियमची तार ठेवून वीज सोडली की तार पाण्यातला हायड्रोजन शोषते आणि अणूंचे मीलन होऊन उष्णता मिळते, हा दावा तोवर जगाने जवळजवळ निकालात काढला होता. बाईंनी मात्र प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात तो प्रयोग चालू ठेवला होता. हायड्रोजनने फुगून तार तडकू नये म्हणून त्यांनी पॅलेडियममध्ये चांदी मिसळली होती.

विभागप्रमुखांनी भर चर्चासत्रात विचारले होते, "बेन, एना पर चा तो ऊकळशे ने?" त्यावर चहा तरी उकळेल ना, या प्रश्नाला सभागृह हसले. बाईही हसल्या. त्यानंतर त्यांनी विभागात चहा घेतला नाही.

एके सकाळी पात्रातून, दिलेल्या विजेपेक्षा अधिक उष्णता निघताना दिसली. विभागप्रमुख साहेब धावत आले. "आपण जिंकलो, बेन!" त्या 'आपण'कडे बाईंनी नुसते पाहिले. साहेबांनी कारखानदारांना निमंत्रणे धाडली. भाषण अर्थात त्यांचेच.

मी बिचकत बाईंना म्हणालो, "पाणी उतरलेय. तारेचे टोक उघडे पडलेय." जो हायड्रोजन वायू होऊन बाहेर निसटतो असे आम्ही हिशेबात धरले होते, तो त्या उघड्या टोकाशी प्राणवायूला मिळून पुन्हा पाणी होत होता. जादा ऊब तिथली होती.

"कालच पाहिले मी."

"मग सांगायचे नाही?"

"सांगणार आहे ना. माणसे जमू देत."

साहेबांचे भाषण रंगात आले असता बाई मागून उठल्या. "साहेब, तारेचे टोक कोरडे का हो?" साहेब पात्रावर वाकले. बाईंनी पाहुण्यांना सारे गुजरातीत, अतिशय सौम्यपणे समजावले आणि पात्रात जड पाणी ओतले. सर्वांदेखत तापमान हळूहळू उतरत गेले.

"हवे चा मूकूं, साहेब?"

आता चहा ठेवू का, या प्रश्नावर उठलेले या वेळचे हसू बराच वेळ थांबले नाही.

आठवड्याच्या आत साहेबांनी तो कोपरा रिकामा करवला. मी म्हणालो, "बाई, तुमचाही प्रयोग गेला."

"जाऊ दे. त्यांचा चेहरा पाहिलास ना? चहा सांग. साखर जास्त."

सुडाचा आनंद आपणही कधी कुणाच्या तोंडावर पाहिला असेल. चहा आला. पहिल्या घोटानंतर बाईंची नजर रिकाम्या कोपऱ्याकडे गेली. पुढे त्या निवृत्त झाल्या, आणि आता तर त्या नाहीतच. मला आठवतो तो टेबलावर निवत गेलेला कप, आणि शेजारी तारेशिवाय फिरणारी त्यांची चिमटी.