अंगारकीला उघडलेलं मासळी केंद्र

मरियमभाभी गेली सव्वीस वर्षं आमच्या मिरजोळ्याच्या आळीत मासे घेऊन येते, पण सोमवारी तिची हाक कधी ऐकू आली नाही. गुरुवारी ती फक्त चार घरांशी थांबते आणि संकष्टीला आळीत पाऊलच टाकत नाही. कोणाच्या घरी कोणता वार पाळतात, कोणाची सून माहेरच्या सवयीने शनिवारही धरते, कोणाकडे सुतक आहे, हे सगळं तिला तोंडपाठ. एकदा मीच गडबडीत चतुर्थी विसरून तिला फोन केला होता, "भाभी, कोळंबी असली तर ठेव हो." तर पलीकडून म्हणाली, "वहिनी, कॅलेंडर बगा आणि मग बोला."

तिचा दिवस पहाटे मिरकरवाड्याच्या लिलावात सुरू होतो. नवरा करीम खलाशी होता. बोटीवर पडून त्याची कंबर गेली, तेव्हापासून घर तिच्या डोक्यावरच्या पाटीवर चाललेलं आहे. दोन पोरींची लग्नं तिने त्या पाटीवर केली. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र तिला मान वळवता येईना. पाटी उतरवून घ्यायला मी हात लावला की ती डोळे मिटून घ्यायची. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी फोटो काढला आणि सांगितलं, आता डोक्यावर ओझं घ्यायचं नाही. घेतलंत तर हात बधिर होतील.

"मग काय करणार गो?" मी विचारलं.

"कारखान्यात कोळंबी सोलायला बसतात बायका. बसेन." ती म्हणाली. पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती. जिने लिलावात व्यापाऱ्यांच्या तोंडाला तोंड दिलं, तिने दिवसभर दुसऱ्याच्या टेबलाशी मान खाली घालून बसायचं, आणि तेही त्या मानेने.

त्याच आठवड्यात आमचे हे पेपरातलं कात्रण घेऊन आले. स्थानिक मासळी लोकांपर्यंत चांगल्या अवस्थेत पोचावी म्हणून मत्स्य खात्याकडून विक्री केंद्रं मिळणार होती. पत्र्याची छोटी टपरी, स्टीलचा ओटा, बर्फाची मोठी पेटी, वजनकाटा आणि वर नावाची पाटी. त्यातलं एक आमच्याच नाक्यावर. माझं अक्षर बरं म्हणून अर्ज मी भरला. मरियमभाभीचा फोन लिलावात कधी लागत नाही, म्हणून खाली नंबर माझा दिला. चूक तिथूनच सुरू झाली.

नाव यादीत पहिलं लागलं. पण केंद्र लगेच कायमचं मिळणार नव्हतं. अटी होत्या: मासा वजनावर विकायचा, वाटे लावून नाही. बर्फातच ठेवायचा. कुठला, कधीचा हे फळ्यावर लिहायचं. आणि दोन दिवसांच्या चाचणीत निदान चाळीस किलो विकून दाखवायचा. नाही जमलं तर यादीतल्या पुढच्या बाईला.

एक दिवस दुपारी मी देवाची उपकरणी घासत असताना फोन आला. अधिकारी साहेब बोलत होते. "मॅडम, चाचणी कधीपासून ठेवू? पुढच्या आठवड्यातले कोणतेही दोन दिवस सांगा. आत्ताच सांगा, मला पत्रं काढायची आहेत."

भाभीला लावला, तर लागेना. पौष चालू होता. पौषात आम्ही नवीन काही करत नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं, तर पुढच्या मंगळवारी चक्क अंगारकी. माझ्या अंगावर काटा आला. म्हटलं, बाप्पानेच दिवस काढून ठेवला आहे. साहेबांना सांगितलं, "मंगळवार आणि बुधवार." फोन ठेवून गणपतीपुढे साखर ठेवली.

संध्याकाळी भाभी आली. मी मोठ्या आनंदाने सांगितलं. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"वहिनी," ती अगदी हळू म्हणाली, "अंगारकीला मासे कोण घेईल?"

मला तेव्हा कळलं. खरंच सांगते, तोवर डोक्यातच आलं नव्हतं. सुरुवात चांगल्या दिवशी व्हावी एवढंच मी बघितलं होतं. काय विकायचं आहे ते बघितलंच नाही.

"तुमी स्वतः उपाशी," ती म्हणाली, "आळी सगळी उपाशी, निम्मा गाव गणपतीपुळ्याला रांगेत. आणि मी सुरमई घेऊन नाक्यावर. सव्वीस वर्षांत मी जी चूक केली नाय, ती तुमी एका फोनात केलीत वो."

मी लगेच साहेबांना फोन लावला. ते चंद्रपूरकडचे, बदलून येऊन तीन महिने झालेले. म्हणाले, "असं असतं का? मला वाटलं, इकडं रोजच मासे खातात." पण तारीख काही बदलेना. गुरुवारपासून पुढच्या बाईची चाचणी लागली होती, पत्रं गेली होती. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "भाभी, मी तुझं वाटोळं केलं."

"रडू नका. रडून किलो भरत नाय," ती म्हणाली. मग बराच वेळ बोटांवर काहीतरी मोजत राहिली. "अंगारकीला लिलावात भाव पडतो. घेणारं कोण नसतं. आणि बुधवारी सगळा गाव तुटून पडतो, तेव्हा भाव असा चढतो की आमच्यासारखीला व्यापारी उभं करत नाय. बुधवारी मला सुरमई मिळायचीच नाय. पण मंगळवारी मिळेल. पेटी हाय ना साहेबांची? मग बर्फात ठेवायची आणि बुधवारी विकायची."

"पण लोक बर्फातली घेतील?"

"ते मी बगते. तुमची वही आणा."

सोमवारी मरियमभाभी आळीत आली ती पाटी न घेता. धुतलेली साडी, डोक्यावर पदर, हात रिकामे. लोक दारात येऊन बघायला लागले. सोमवारी ही इथे कशी? पहिल्याच घरी गोदाआत्या. वय ऐंशीच्या घरात, जीभ मात्र तरणी.

"काय गो, मासे खपेनात म्हणून आता हवा विकतेस?" गोदाआत्या म्हणाल्या.

"नाय आत्या. आज सोमवार, उद्या तुमची अंगारकी. मी मासे आणलेच नाय. परवाचं नाव लिहून घ्यायला आलेय. बुधवारी काय पाहिजे ते आजच सांगा. नाक्यावर केंद्र उघडतंय, तिथे येऊन न्यायचं. दारात येणार नाय, मान गेली माझी."

"आणि कमी दिलंस तर?"

"काट्यावर आहे. काट्याशी भांडा."

गोदाआत्यांनी अर्धा किलो सौंदाळे लिहायला लावले. आम्ही अशी एकोणीस घरं फिरलो. मी नाव आणि किलो लिहीत होते, ती बोलत होती. गयावया तिने कुठेच केली नाही. नाक्यालाच लागून घर असलेल्या दर्शनाने, ती कॉलेजात शिकवते, तीन किलो सुरमई लिहून दिली, कारण तिच्याकडे मुंबईहून पाहुणे येणार होते. संध्याकाळी बेरीज केली तर सत्तावीस किलो झाले. तेरा कमी.

"तेरा उद्या," भाभी म्हणाली.

"उद्या? अंगारकीला?"

"एमायडीसीत बंगालची पोरं किती हायत, बगितलंत? त्यांना कसली आलीय अंगारकी. ती रोज मासा खातात, आणि अंगारकीला त्यांना मासा कोण विकत नाय, कारण त्या दिवशी आपण येतच नाय इकडे."

अंगारकीला पहाटे उठून मी आंघोळ केली, अथर्वशीर्षाची आवर्तनं केली, आणि नाक्यावर जायला निघाले. माझ्या चुकीचा दिवस तिला एकटीला काढू देणं मला पटेना. हे दारात चहा पीत बसले होते. म्हणाले, "उपास धरून माशांच्या टपरीवर बसणारी तू जिल्ह्यात पहिली असशील."

"माशाला हात लावणार नाही. पेन धरीन," मी म्हटलं.

बाप्पाला काय वाटलं असेल ते त्याला ठाऊक. मला एवढंच वाटत होतं की उपास पोटाचा आहे, शब्द दिलाय तो वेगळा.

भाभीने लिलावातून मनासारखा माल उचलला होता. बर्फाचा एक थर, माशांचा एक थर, वर पुन्हा बर्फ. फळा माझ्या हातात देऊन म्हणाली, "लिहा. मिरकरवाडा. मंगळवारची मासळी."

"नुसतं ताजी मासळी लिहू या की. उद्या हाच फळा राहील आणि लोक मंगळवारची वाचून परत जातील."

"जे हाय ते लिहा, वहिनी."

लिहिलं. साहेब खुर्ची टाकून रजिस्टर घेऊन बसले. सकाळभर नाक्यावरून माणसं जात होती, दुर्वा, जास्वंदी, नारळ घेऊन. कोणी थांबलं नाही. दोघीतिघींनी मला तिथे बघून तोंड फिरवलं. दुपारी एकला कारखान्याची पाळी सुटली तेव्हा पहिली चार पोरं आली. त्यांना मराठी येत नव्हतं आणि भाभीचं हिंदी निम्मं कोकणी, पण माशाचं डोकं वेगळं बांधून द्यायचं का, हे तिने हातानेच विचारलं आणि ती पोरं हसायला लागली. त्यांनी फोन करून आणखी बोलावली. बांगडे तोलून झाल्यावर भाभीने सवयीने वर एक टाकला. साहेब म्हणाले, "बाई, काट्यावर जेवढं तेवढंच."

"तेवढं काट्याचं साहेब. हा माझा."

साहेबांनी रजिस्टरकडे बघितलं आणि तो बांगडा लिहिला नाही. दिवस मावळला तेव्हा नऊ किलो झाले होते. मी चंद्रोदयाला घरी गेले, नैवेद्य दाखवला, उपास सोडला. मोदक गोड लागला नाही.

बुधवारी सकाळी आठलाच माणसं आली. गोदाआत्या नातीचा हात धरून आल्या. फळा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "कालचे?"

"कालचे. उचलून बगा."

आत्यांनी एकेका सौंदाळ्याचे कल्ले उघडून बघितले, वास घेतला, बोटाने पोट दाबलं. मागे माणसं खोळंबली होती. शेवटी म्हणाल्या, "बरे आहेत. बांध." त्यानंतर जरा गर्दी झाली. लिहून दिलेल्यांपैकी बरेच आले, काही न लिहिलेलेही आले. तिघी मात्र फळा वाचून रिक्षात बसून निघून गेल्या. बारा वाजता साहेबांनी बेरीज सांगितली, साडेसदतीस. एकला रजिस्टर बंद होणार होतं. पेटीत एकच मोठी सुरमई राहिली होती. दर्शनाची.

"अडीचच किलो," मी म्हटलं. "माझ्या नावावर लिहा साहेब. मी घेते सगळी."

भाभीने माझ्याकडे रोखून बघितलं. "तुमच्या घरी माणसं तीन. सकाळी किलोभर नेलंत. आता ही कोण खाणार? साहेबांना फसवायचंय का मला?"

आणि हात धुऊन ती टपरीबाहेर पडली. दर्शनाच्या घराचा दगडी गडगा नाक्याशीच, त्यामुळे दोघींचं बोलणं मला ओट्यापाशी ऐकू येत होतं.

"दर्शना, नाव लिहून दिलंस. येत का नाय?"

"भाभी, रागावू नकोस. सकाळी आले होते मी. फळ्यावर कालची लिहिलंय. पाहुण्यांना कालची कशी घालू?"

"तुला एक सांगू? इतकी वर्षं मी तुझ्या दारात काय आणत होते? पहाटेचा मासा डोक्यावर घेऊन चार तास उन्हात फिरून तुझ्याकडे अकराला यायचे. ओला फडका टाकला की झालं. तो तू ताजा म्हणून घेतलास आणि मी ताजा म्हणून दिला. हा मासा बोटीतून उतरला तो बर्फात गेला, अजून बर्फात हाय. चल, हात लावून बग. नाय पटलं तर घेऊ नको, मी परत हाक मारणार नाय."

  सव्वीस वर्षांचं गुपित तिने गडग्याशी उभं राहून सांगून टाकलं होतं, आणि रांगेतल्या दोन बायकांनीही ते ऐकलं होतं. आता कोणी आयुष्यात तिच्याकडून मासा घेईल का, असं मला वाटून गेलं.

पण दर्शना चपला घालून आली. बाही वर सारून बर्फात हात घातला. सुरमई कडक होती, डोळा काचेसारखा. दर्शनाने ती वर उचलली, उलटीसुलटी केली. पावणेएक वाजला होता. साहेब पेन धरून बसले होते आणि मी मनातल्या मनात नामस्मरण करत होते.

"तुकडे जाड कर भाभी," दर्शना म्हणाली. "आणि शुक्रवारी कोळंबी मिळेल का?"

"आधी काटा बग," भाभी म्हणाली.

काट्यावर दोन किलो आठशे भरली. साहेबांनी चाळीस पूर्णांक तीन लिहिलं, खाली रेघ मारली, सही केली आणि म्हणाले, "झालं बाई. पत्र येईल आठवड्यात. गुरुवारची चाचणी आता दुसऱ्या नाक्यावर घेऊ. हे केंद्र तुमचं."

मला वाटलं आता तरी ती बसेल, निदान पाणी पिईल. ती सुरमईचे तुकडे करत होती. सुरी न थांबवता म्हणाली, "माझं ना साहेब? मग लिहून घ्या. टपरीचं तोंड पश्चिमेला केलंय तुमी. दुपारी तीननंतर ऊन सरळ पेटीवर येतं. पुढे चार फूट पत्रा काढून द्या. आणि तो शिमग्याच्या आधी द्या."

साहेबांनी बंद केलेलं रजिस्टर पुन्हा उघडलं.