कोणता राग गिळायचा

प्रेसचं एक बटण तारेने आवळून बांधलेलं होतं. ती चालवणाऱ्या रामदासच्या करंगळीचं पेर गेलं होतं. त्याला दवाखान्यात पाठवून मी प्रॉडक्शन मॅनेजरच्या केबिनकडे निघालो. सोबत आमचे जुने फिटर युसूफचाचा होते.

तेव्हा, म्हणजे १९९७ साली, मी सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्स सुपरवायझर होतो. पॉवर प्रेस एका दणक्यात पत्रा कापतो. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच दणका बसतो, म्हणून हात आत राहत नाही. एक बटण बांधलं की एक हात मोकळा. काम जलद होतं.

"तार कोणी बांधायला सांगितली?"

"मी. डिस्पॅच अडला होता," मॅनेजर म्हणाले. "शेख, तुम्हा लोकांचं डोकं लगेच तापतं. जा, पाणी प्या."

माझ्या हातात पाना होता. चाचांनी मनगट धरून मला बाहेर ओढलं.

"बस खाली."

"चाचा, सोडा मला."

"उभा आहेस ना? मग आधी बस."

पैगंबरांची ही शिकवण मी लहानपणापासून ऐकली होती. राग आला तर उभा असलेल्याने बसावं, तरी गेला नाही तर आडवं व्हावं. मी तिथेच फरशीवर बसलो. मग नळावर वजू केली. नमाजाआधी आम्ही हात, तोंड, पाय धुतो, तशी.

"राग कशाचा आलाय?" चाचांनी विचारलं.

"'तुम्हा लोकांचं' म्हणाला तो."

"हा तुझ्या स्वतःसाठीचा. गिळून टाक. अजून?"

"रामदासचं बोट."

"तो ठेव. जुलमाचा राग येणं गुनाह नाही. रागात आपण जुलूम केला तर गुनाह."

मी प्रेसचा मेन स्विच बंद करून कुलूप लावलं. रिपोर्ट लिहिला. त्यात माझ्या अपमानाचा शब्द नव्हता. तार मी आधीही पाहिली होती, तोंडी सांगून गप्प बसलो होतो, हे मात्र लिहिलं.

"चावी द्या," मॅनेजर म्हणाले.

"तार निघाली की देतो, साहेब."

प्रॉडक्शन थांबवल्याबद्दल मला मेमो मिळाला. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट वाचून मालक स्वतः प्रेस शॉपमध्ये आले आणि चारही प्रेसच्या तारा निघाल्या. रामदासला स्टोअरमध्ये काम दिलं.

मी हात उचलला असता तर चौकशी माझी झाली असती, तारेची नाही. गिळलेला राग पचायला मात्र बरीच वर्षं लागली. इतका वेळ लागतो, हे चाचांनी सांगितलं नव्हतं.