पडद्यावरचं लाल लुगडं

मुखरू पेंटरचं एक ठाम मत होतं: जंगलाच्या पडद्यावर माणूस काढायचा नाही. माणसं पडद्यासमोर येणारच असतात, तीही पगार घेऊन.

आमच्या नाटक मंडळीत मी ऑर्गन वाजवतो. बसायची जागा रंगमंचाच्या खालीच, तोंड पडद्याकडे. त्यामुळे मुखरूभाऊंचे पडदे मी पाहिले तितके कुणी पाहिले नसतील. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईला नाटक हवंच. हल्ली बाकीच्या मंडळ्या फ्लेक्सवर छापलेलं जंगल टांगतात. ते दिव्यांत असं चकाकतं, की नटी कुठली नि झाड कुठलं, देव जाणे! आमचे मालक हेमराजभाऊ मात्र मांजरपाटावर हातानं रंगवलेला पडदाच घेत, आणि तो चामोर्शीला मुखरूभाऊंच्या अंगणात रंगे.

लांबचे डोंगर फिके निळसर, धुरात असल्यासारखे. दोन्ही कडांना काळपट हिरवे साग. मधोमध उजळ पायवाट. "नजर गाईवानी असते," मुखरूभाऊ म्हणत. "उजेडाची वाट दिसली का आपोआप तिकडंच जाते. हाकला लागत नाई." त्या उजळ जागेसमोर नटी उभी राहिली, की साऱ्या मांडवाची नजर तिच्यावर येऊन थांबायची.

रंग कापडाला धरावा म्हणून त्यात घालायचा सरस त्यांची बायको मनकर्णाबाई शिजवून द्यायच्या. त्यांची कुरकुर एकच. "एवढं मोठं जंगल काढता, त्यात एक बाई तं काढा. एकटं एकटं वाटते मले."

"नोको. मंग लोक तुलेच पायतीन," हे उत्तर ठरलेलं.

मागच्या पावसाळ्यात मनकर्णाबाई तापानं गेल्या. मूलबाळ नव्हतं. सरस आता मुखरूभाऊच शिजवत, तो करपला की स्वतःशीच भांडत. अंगण खायला उठायचं. मलासुद्धा तिथं फार वेळ बसवत नसे. आणि त्या हंगामाच्या पडद्यावर, पायवाटेच्या वळणावर, बोटाएवढी एक बाई आली. लाल लुगडं, डोक्यावर मोळी, तोंड आपल्याकडे. साऱ्या हिरव्यात लाल काय ते तेवढंच.

पहिलाच प्रयोग पडला. आमची नटी दिव्यानी जंगलात टाहो फोडत होती आणि लोक तिच्या खांद्यावरून मागं पाहत होते. पुढं बसलेल्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलंच, "थे लाल लुगडेवाली कवा येते वो?" नाटक सुटल्यावर गावाची तक्रार एकच होती: "थे बाई आलीच नाई."

मी हसलो. मुखरूभाऊ हसले नाहीत.

हेमराजभाऊ तावातावानं आले, पण मुखरूभाऊंसमोर त्यांचा आवाज उतरला. लुगडं कुणाचं, हे त्यांनाही ठाऊक होतं. "मुखरूभाऊ, थे बाई पुसा," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "लोक नाटक पायतच नाई. नाई पुसत तं मले फ्लेक्स लावा लागते."

फ्लेक्स आला असता तर मुखरूभाऊंचं उरलंसुरलं काम गेलं असतं. आणि पुसली असती तर बायको दुसऱ्यांदा गेली असती. त्यांनी ब्रश हिरव्या रंगात बुडवला, तिच्यापर्यंत नेला, आणि मागं घेतला. कितीदा तरी. मला पाहवेना.

मग त्यांनी वेगळीच युक्ती काढली. वळणावर पळस फुलवला. बाईच्या डाव्याउजव्या हाताला, मोळीच्या वर, पायाशी, नुसती लालकेशरी फुलं.

"एकटं लाल होतं म्हून दिसत होतं," ते म्हणाले. "आता तिले सोबत झाली. थे राहीन बी, नि कोनाले दिसनार बी नाई."

किती दिवसांनी त्यांचा चेहरा खुलला होता! मला आपलं बरं वाटलं.

पुढचा प्रयोग रंगला. दिव्यानी रडली तशा बाया पदर तोंडाला लावून रडल्या. मागं कुणीच पाहिलं नाही. मी ऑर्गनवरून वळून बघितलं, तर लोकांत बसलेले मुखरूभाऊ तेवढे मान इकडून तिकडे वाकडी करत होते. दिव्यानी त्यांच्या आड येत होती.

सकाळी पोरं पडदा गुंडाळायला लागली. "थांबा जरासे," मुखरूभाऊ म्हणाले. उन्हात पडद्याला नाक लावून ते वळणापाशी उभे राहिले. बोट एका लाल ठिपक्यावर टेकवलं, मग शेजारच्यावर.

"हे पळस," ते पुटपुटले. "हे बी पळस. हे..."

हेमराजभाऊंनी येऊन त्यांच्या पाठीवर थाप मारली. "काम केलं, भाऊ! साऱ्या गावात कोनालेच नाई दिसली ना थे!"

"हो," मुखरूभाऊ म्हणाले. बोट अजून पडद्यावरच होतं. "मले बी नाई."