यंत्रामागून चालणाऱ्या कुसुमताई

कॉटन मार्केटजवळच्या आपल्या दुकानात कुसुमताई हल्ली दुपारभर नुसत्या बसून असायच्या. दुकान म्हणजे लांबलचक शेड. सत्तावीस वर्षं तिथं पेरणी यंत्रं, रोटाव्हेटर आणि मळणी यंत्रं खांद्याला खांदा लावून उभी असत, ताज्या रंगाचा वास अंगाला चिकटून घरापर्यंत यायचा. आता फरशी मोकळी झाली होती. छपराच्या झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा खाली उतरायचा आणि अगदी सावकाश पलीकडच्या भिंतीकडे निघायचा. ताईंचे डोळे अर्धवट मिटायचे. मग ती फरशी फरशी राहायची नाही. पीक निघून गेलेलं, निवांत पडलेलं वावर होऊन जायची.

ही यंत्रं बनवणाऱ्या कंपनीची एजन्सी त्यांच्या यजमानांनी, रुपरावांनी, घेतली होती. चौदा वर्षांपूर्वी रुपराव अचानक गेले, आणि तेरवी आटोपताच कंपनीचे एक वयस्कर अधिकारी प्रताप नगरच्या घरी आले. एजन्सी काढून घ्यायलाच आले असणार. पण त्यांनी ताईंना यंत्रांबद्दल चार गोष्टी विचारल्या, उत्तरं ऐकली, चहा घेतला आणि म्हणाले, “दुकान उघडा, ताई.” पुढं दरवर्षी पेरणीआधी ते यायचे. जेवायला बसले की पहिला प्रश्न ठरलेला: “यंदा शेतकरी काय म्हणतात?” ताई सांगायच्या आणि ते एका डायरीत लिहून घ्यायचे. ताईंना कारखाना कधी पाहायला मिळाला नाही. त्यांच्यासाठी कंपनी म्हणजे तो एक माणूस आणि त्याची ती डायरी.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी अश्विन आला. तिशीतला, मृदू बोलणारा. त्यानं टॅब्लेटवर एक चित्र दाखवलं. शेतकरी मोबाईलवर यंत्र मागवणार, ते गोदामातून थेट शेतात जाणार. डीलरनं फक्त जोडणी आणि दुरुस्ती बघायची.

“अन् शेतकरी काय म्हणते, ते मी कोणाले सांगू?” ताईंनी विचारलं.

“ॲपवर त्याचं वेगळं पान आहे, ताई,” अश्विन म्हणाला. पण म्हणताना तो फरशीकडे बघत होता.

महिन्याभरात शेड रिकामी झाली.

ऑक्टोबर सरत आला तेव्हा कुहीकडच्या नत्थूजींचा फोन आला. त्यांनी कंपनीचं नवं पेरणी यंत्र ॲपवरूनच घेतलं होतं.

“ताई, हरभरा कुठी झुपक्यानं निघाला, कुठी हातभर जागा खालीच. तक्रार टाकून नऊ दिवस झाले. ‘तक्रार नोंदवली आहे’ एवढंच येऊन राहिलं. अजून सात एकर पेरायचं हाय, ओल चालली जमिनीतली.”

“मी येतो उद्या,” ताई म्हणाल्या. विकलं आपण नव्हतं, हे त्यांच्या मनातही आलं नाही.

सकाळच्या एसटीनं त्या पोचल्या. कोवळं ऊन होतं, दूरच्या कपाशीवर धूसर पांढरं काहीतरी तरंगत होतं. नत्थूजींनी ट्रॅक्टर सुरू केला आणि ताई चपला काढून यंत्रामागून चालू लागल्या. काळी माती गार होती. चालता चालता त्यांना वाटलं, आपण चौदा वर्षांच्या आहोत, तिफणीमागं बी सोडायच्या सरत्याची पोकळ वेळूनळी धरून चाललो आहोत, मुठीतून दाणे सुटताहेत, दोन-दोन, दोन-दोन, आणि कोणीतरी पुढून बैलांना हाकारतंय. ट्रॅक्टरचा आवाजही विरून गेला होता. त्या तंद्रीतच त्या वाकल्या आणि बोटांनी तास, म्हणजे पेरलेली ती ओळ, उकरला.

एका ठिकाणी अकरा दाणे. पुढं काहीच नाही.

“थांबवा जी!” त्यांनी हाक मारली.

फणामागं दाणे सोडणाऱ्या नळीचं तोंड सरळ कापलेलं होतं. ओली काळी माती त्यात बुचासारखी बसायची, दाणे मागं साचायचे आणि बूच निघालं की एकदम पडायचे. कोरड्या, भुसभुशीत जमिनीत हे कधी झालंच नसतं. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून ताईंनी एका नळीचं तोंड तिरपं कापून घेतलं. त्या एका तासात दाणे सारखे पडले. मग उरलेल्या आठही नळ्या कापल्या, आणि अश्विनला फोन केला.

तो दुसऱ्या दिवशी धावत शेतावर आला; ताई तिथंच मुक्कामी राहिल्या होत्या. “ताई, हे काय केलं! आता वॉरंटी गेली.”

“वॉरंटी मशीनची हाय न बाबू. पेरणीचे दिवस गेले तं ते कोण भरून देते?” ताई म्हणाल्या. “बूट काढ अन् चाल माह्या संगं.”

अश्विननं बूट काढून बांधावर ठेवले. दोघं शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले, जागोजाग तास उकरत. मग त्यानं खाली बसून नळीचे, दाण्यांचे फोटो काढले आणि कारखान्यातल्या एका इंजिनियरला तिथूनच स्पीकरवर फोन लावला. ताईंनी पहिल्यांदाच कारखान्यातला आवाज ऐकला.

पुढच्या वर्षीच्या यंत्रांना तिरप्या तोंडाच्या नळ्या आल्या. जुनी एजन्सी मात्र परत आली नाही, शेडही भरली नाही. कंपनीचं एक पत्र आलं: नवं यंत्र बाजारात आणण्याआधी ताईंनी ते विदर्भाच्या मातीत चालवून बघावं. ताईंनी होकार कळवला, पण एक अट घातली. ज्यानं यंत्र तयार केलं, त्यानं सोबत चालायचं.

म्हणून यंदा मयुरा नावाची इंजिनियर आली. पहिल्याच तासात तिची सलवार घोट्यापर्यंत मातीनं भरली. ट्रॅक्टर संथ पुढं जात होता, हवेत उन्हाची पिवळी धूळ होती आणि शेत संपतच नव्हतं.

“ताई, अजून किती चालायचं?” तिनं विचारलं.

“ते बोरीचं झाड दिसते न, तिथवर,” ताई म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.