ताईला वाचून दाखवलेला शेवट

बूटमामांना सगळे मामा म्हणत, पण सख्खं भाचरू त्यांच्या नशिबी नव्हतं. चपलाबुटांच्या एकाच दुकानात सगळा जन्म गेला म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ठेवलेलं ते नाव. गिऱ्हाइकापुढे गुडघा टेकायचा, पाय हातात घ्यायचा, बूट चढवायचा आणि वर बघून विचारायचं, "टोचत नाही ना?" दुकान सुटलं तरी सवय सुटली नाही. माणूस भेटला की मामा आधी त्याच्या पायांकडे बघत, मग तोंडाकडे. कोणाचा धक्का लागला तर माफीही हेच मागत.

घरात दोघंच, ते आणि त्यांची थोरली बहीण. वडील लवकर गेले, आई अंथरुणाला खिळलेली. तेव्हा ताईनं पोस्टात नोकरी धरली आणि धाकट्याला अंगाखांद्यावर वाढवलं. तिच्या लग्नाचा विषय कोणी काढला की ती म्हणे, "आधी याचं होऊ दे." ना याचं झालं, ना तिचं. घर ज्यू होतं. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ताई दोन मेणबत्त्या लावी, डोळ्यांवर हात धरून प्रार्थना म्हणे, आणि शनिवारी अंधार पडेपर्यंत घरातला टीव्ही मुका राही.

अलीकडे ताईच्या नजरेत बरोबर मध्यावर एक काळा डाग बसला होता. कडेचं दिसे, समोरचं दिसत नसे. दाराची चौकट दिसे, दारात उभं असलेलं माणूस दिसत नसे. "देवानं फ्रेम ठेवली आणि फोटो काढून घेतला," असं ती हसत हसत सांगे.

म्हणून मालिका बघायची तर मामांना तिचे डोळे व्हावं लागे. ही मालिका परदेशी होती. एक ज्यू दंतवैद्य आणि चर्चमध्ये लग्नांची फुलं सजवणारी एक मुलगी. ती दाढ दाखवायला येते आणि दाढ राहते बाजूला. मग दंतवैद्याची आई आणि थोरली बहीण हात धुऊन दोघांच्या मागे लागतात. त्यांची भाषा घरात कोणालाच कळत नव्हती. पडद्याच्या तळाशी आपल्या भाषेत ओळी यायच्या, त्या मामा दर रविवारी दुपारी ताईला वाचून दाखवायचे. बाईची ओळ बाईच्या आवाजात म्हणायला ते लाजत. सगळी पात्रं एकाच सुरात, भाव विचारल्यासारखी बोलत.

मालिकेनं इमारतीला वेड लावलं होतं. तळमजल्यावरची पार्लरवाली म्हणे, "असा दंतवैद्य मिळणार असेल, तर मी बत्तीसच्या बत्तीस काढून घेते." तिच्या शेजारचा औषधवाला नाक मुरडे, "सगळा साखरेचा पाक! खऱ्या आयुष्यात असं होतं होय?" सिनेगॉगचे कारभारी तर भडकलेच होते. "आपल्या बायका काय अशा कजाग असतात? एक मुलगी धड दाखवू नये आपल्यातली? आपल्यात धर्म आईवरून ठरतो. मुलानं बाहेरची केली की पुढची पिढी आपली उरत नाही. हे दाखवायची हिंमत आहे का यांच्यात?"

"मामा, तुम्ही बोला की," पार्लरवाली टोचायची. "तुमच्यातलीच गोष्ट आहे."

"मी कुठे बघतो?" मामा म्हणत. "मी नुसता वाचतो."

आणि ताई? ताई पहिल्या भागापासून त्या दोघांच्या बाजूनं कंबर कसून उभी होती. "अरे, करून टाका की लग्न एकदाचं!" ती खुर्चीतून ओरडे. दंतवैद्याची बहीण बोलायला लागली की तिचा पारा चढे. "या बयेला कोणीतरी चार शब्द सुनवा रे. भावाच्या सुखात बिब्बा घालतेय!"

अशा वेळी मामांची ओळ वाचायची राहून जाई. "काय झालं? वाच ना," ताई म्हणे. "फार भरभर जातात गं," एवढंच ते बोलत.

दुकानात, मामा ऐन उमेदीत होते तेव्हा, खोकी ठेवायला वर माळा होता आणि माळ्यावर एक मुलगी कामाला होती. मामा खालून ओरडत, "सात नंबर, काळा, नाडीचा!" की छतातल्या चौकोनी भोकातून खोकं खाली येई. हळूहळू चुकीची खोकी यायला लागली. मुद्दाम चुकीची, म्हणजे मामांना परत ओरडावं लागेल. एकदा तर बुटांऐवजी खोक्यात सोललेलं संत्रं निघालं, तेही गिऱ्हाइकासमोर. मुलगी चर्चला जाणारी होती. मामांनी सगळा धीर गोळा करून घरी विषय काढला. जेवणाच्या टेबलाशी ताई बसली होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "कर. पण मग शुक्रवारी माझ्या मेणबत्त्यांजवळ येऊन बसू नकोस."

बस्स. ज्या हातानं घास भरवला त्याच्याशी हुज्जत कसली घालायची? मामा गप्प बसले. मुलीनं वाट बघितली, मग नोकरी सोडली. पुढे एकदा ती नवऱ्याला घेऊन दुकानात आली. मामांनी गुडघा टेकला, त्या माणसाच्या नाड्या बांधल्या आणि विचारलं, "टोचत नाही ना?" काही वर्षांपूर्वी ती वारल्याचं एका जुन्या गिऱ्हाइकानं बोलता बोलता सांगितलं. मामांनी त्या दिवशीही दुकान वेळेवरच बंद केलं.

मनाची समजूत त्यांनी एकाच गोष्टीवर घातली होती. पूर्वजांनी जिवापाड जपलेलं ते आपल्या हातून तुटू नये, म्हणून हे सोसलं. पुढे जपायला घरात कोणी आलंच नाही, हे खरं. पण कारण तर मोठं होतं. आता ताईच्या तोंडून तो बिब्बा ऐकला की त्यांना ते जेवणाचं टेबल आठवे. त्यांना भांडायचं नव्हतं. ताईनं एकदा, फक्त एकदा, स्वतःचं बोलणं स्वतः ऐकावं, एवढंच हवं होतं.

शेवटचा भाग लागला. दंतवैद्य फुलांच्या दुकानात शिरला. मुलीनं कात्री खाली ठेवली. तळाशी ओळ आली, "सगळे काय म्हणतील ते म्हणोत, मला तू हवीस." मामांनी ती बघितली, आणि त्यांच्या तोंडून भलतंच निघालं.

"तो म्हणतोय, मला नाही जमणार. माझ्या बहिणीनं मला वाढवलंय. तिचा शब्द मला मोडवत नाही."

ताई खुर्चीत पुढे सरकली. "आणि ती?"

"ती म्हणते, बरं." मामा आता पडद्याकडे बघतही नव्हते. "ती म्हणते, मी थोडे दिवस वाट बघते."

पडद्यावर दोघांनी मिठी मारली, वाद्यं दणक्यात वाजायला लागली.

"मग एवढं आनंदाचं का वाजतंय रे?"

"परदेशी लोक. त्यांचं काही सांगता येत नाही."

ताई हसली नाही. तिनं विचारलं, "आणि ती बहीण? तिच्या तोंडी काय आहे?"

पडद्यावर लग्नाचा मांडव होता आणि बहीण हात वर करून नाचत होती. मामा म्हणाले, "ती म्हणते, मी तुझ्या भल्यासाठीच केलं."

"नाही म्हणायची ती असं."

"का?"

"पार्लरवालीला कुठे दम निघतो? रात्रीच मोबाइलवर बघून घेतला आणि सकाळी येऊन शेवट सांगून गेली. लग्न होतं त्यांचं. बहीण नाचते." ताईचा आवाज खाली आला. "थांबलास का? वाच. तुझंच वाच."

मामांनी रिमोटनं टीव्हीचा आवाज बंद केला. मग ताईच बोलली.

"धर्माचं होतंच रे, नव्हतं असं नाही. पण त्या दिवशी मला धर्म आठवला नाही. आई आज ना उद्या जाणार, तू त्या मुलीबरोबर जाणार, आणि या टेबलाशी मी एकटी जेवणार, एवढंच दिसलं मला. आता हे धाकट्या भावाला कुठल्या तोंडानं सांगायचं? मग मेणबत्त्यांचं बोलले. तू लगेच ऐकलंस. एकदा तरी भांडायचंस की रे माझ्याशी."

मामांना हवं होतं ते मिळालं होतं. पण हलकं काही वाटेना. आजवर निदान एक मोठं कारण पाठीशी होतं. ते असं काढून घेतल्यावर मागे उरली नुसती वर्षं. त्यांना ताईचा राग यायला हवा होता. त्यांनी थोडा शोधलाही. सापडली ती टेबलाशी एकटी बसलेली तरणी ताई, आणि तिच्यासमोर मान खाली घालून, तिच्या सपातांकडे बघत उभे असलेले आपण.

"आता खरं वाच," ताई म्हणाली. "मला ऐकायचंय."

मामांनी भाग मागे नेला आणि या वेळी जे लिहिलं होतं तेच वाचलं. सगळे काय म्हणतील ते म्हणोत. मला तू हवीस. तो हो म्हणाला, ती हो म्हणाली. ताईनं मान तिरकी केली होती; नजरेच्या कडेनं ती टीव्हीकडे नाही, भावाकडे बघत होती. तिला त्याचा कान दिसत असेल, फार तर खांदा. ती टाळ्या वाजवेल, झालं बाई एकदाचं म्हणेल, असं मामांना वाटलं होतं. तिनं फक्त हात पुढे करून त्याचा खांदा चाचपला.

दुसऱ्या दिवशी मामा ताईच्या डोळ्यांचे थेंब आणायला खाली उतरले. औषधवाल्यानं बाटली काढता काढता विषय छेडलाच. "काय मामा, बघितलात शेवट? मला नाही पटला. इतके दिवस आडवी येणारी बहीण एकदम नाचायला कशी लागते?"

मामांनी त्याच्या पायांकडे बघितलं, मग तोंडाकडे.

"लागली असती," ते म्हणाले. "लग्न केलं तरी तुला एकटीला टाकणार नाही, असं त्यानं तिला आधी सांगायला हवं होतं. जेवायला रोज इथेच येईन, असं."

"असा सीन आहे का त्यात? मी झोपलो की काय मध्ये!"

"नाही," मामा म्हणाले. "असा सीनच नाही त्यात." आणि बाटली खिशात घालून ते जिना चढायला लागले.