पालकास समज देण्यात आली

नंदुरबारच्या एका इंग्रजी शाळेत मी बावीस वर्षे मराठी शिकवले, आणि त्यातली बरीच वर्षे चौथ्या कडव्याला रडलो.

इंग्रजी चौथीच्या, म्हणजे आजच्या आठवीच्या, क्रमिक पुस्तकात बापलेकाची एक कविता होती. नदीला पूर आला आहे, बाप मुलाला खांद्यावर घेऊन पाण्यात उतरतो, चौथ्या कडव्यात पाणी बापाच्या गळ्याला लागते आणि तरी तो मुलाचे पाय भिजू देत नाही. या ठिकाणी माझा आवाज दाटून यायचा, चष्मा काढावा लागायचा, उपरण्याने डोळे टिपावे लागायचे. पहिल्या वर्षी हे आपोआप झाले. दुसऱ्या वर्षी थोडे कमी झाले. तिसऱ्या वर्षापासून मला ते जमू लागले. पुढे तर शेजारच्या वर्गातली मुले पाणी प्यायचे निमित्त काढून बाहेर येत आणि आमच्या खिडकीशी उभी राहत. ड्रॉइंगचे मास्तर सकाळीच विचारायचे, "काय हो, आज पूर किती वाजता?"

हे मी कबूल करतो ते रडण्याची लाज वाटते म्हणून नव्हे. त्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर, एक वर्षभर माझा स्वतःचा मुलगा बसला होता. लाज त्याची आहे.

आमचे घर तापीकाठचे, शेतीचे. घरात चुलते, भाऊ, सगळ्यांची मुले, आणि सगळ्यांच्या वर माझे वडील. त्यांना आम्ही बाबा म्हणत असू, म्हणून नातवंडेही बाबाच म्हणत. मला माझे भाऊ 'भाऊ' म्हणत, म्हणून माझा मुलगाही मला भाऊ म्हणे. आमच्याकडे रीत अशी, की आपला बाप घरात असेपर्यंत आपण आपले मूल उचलून घ्यायचे नाही. भावाचे मूल खुशाल घ्या, गड्याचे घ्या, पण स्वतःचे घेतलेत तर तुम्ही निर्लज्ज. मूल बापाचे नसते, घराचे असते. माझा मुलगा रांगत माझ्याकडे आला तर मी वर्तमानपत्र उघडत असे. शनिवारी संध्याकाळी गावी जायचो, सोमवारी पहाटे परत निघायचो. त्याच्या दृष्टीने मी आठवड्याला एकदा येणारा, वर्तमानपत्र वाचणारा कोणीतरी भाऊ होतो.

तेरा वर्षांचा झाल्यावर तो शिकायला माझ्याजवळ आला. बायको गावीच राहिली, कारण घरात माणसे जास्त आणि चुली दोन. शहरात आम्ही दोघे एका खोलीत राहू लागलो आणि तिथे मी भाऊचा मास्तर झालो. वर्गात तर मला निःपक्षपाती राहायचे होते. निःपक्षपातीपणाचा सोपा उपाय म्हणजे चूक सगळ्यांनी केली तरी पहिली छडी आपल्या मुलाला मारायची. गावात माझे कौतुक झाले. "मास्तर पोटच्या पोरालाही सोडत नाही," असे लोक म्हणत, आणि मी ते ऐकून मान खाली घालत असे, विनयाने.

त्या वर्षी डेप्युटी इन्स्पेक्टर आमच्या शाळेच्या तपासणीला यायचे होते. माझ्या रडण्याची कीर्ती त्यांच्या कानावर गेली होती. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितले, "साहेब तुमचा तास बघणार आहेत. कविता तीच घ्या. मुलांची तयारी करून ठेवा."

तयारी करून ठेवणे म्हणजे काय, हे त्या काळच्या मास्तरांना सांगावे लागत नसे. मी पंधरा दिवस आधीपासून प्रश्न ठरवून दिले. 'वडिलांचे आपल्यावर प्रेम आहे हे कशावरून दिसते?' याला पाच मुद्दे होते, ते फळ्यावर लिहून पाठ करवून घेतले. शिवाय आमची एक खूण होती. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा, पण उत्तर येत असेल त्याने उजवा आणि येत नसेल त्याने डावा. साहेबाला हातांचे रान दिसते, मास्तरला कोणाला उठवायचे ते कळते.

तालीम चालू असताना तळोद्याच्या वरच्या डोंगरातला एक मुलगा उजवा हात करून उठला. तो बोर्डिंगात राहायचा, घरी भिली बोलायचा आणि शाळेपुरती मराठी जपून, मोजून वापरायचा.

"गुरुजी, पुरात बाप उतरत नाही."

"म्हणजे?"

"पोराला घेऊन कोण उतरेल? दोघे जातील. आमच्या ओढ्याला पूर आला होता. मी अलीकडे, बाप पलीकडे. तो पाणी उतरेपर्यंत तिथेच बसला. मधून मधून हाका मारायचा."

"काय म्हणून हाका?"

"काही नाही. मी आहे का बघायला."

मी त्याला सांगितले, "हे उत्तर पुस्तकात नाही. खाली बस. आणि त्या दिवशी डावा हात कर."

तपासणीचा दिवस आला. डेप्युटीसाहेब उंच, गोरे, पुण्याकडचे, मऊ आवाजाचे. मागे हेडमास्तर, हातात शेऱ्यांची वही. मी कविता म्हटली. चौथ्या कडव्याला पाणी वेळेवर आले. साहेबांनीही रुमाल काढला, त्यामुळे हेडमास्तरांना काढावा लागला. मी प्रश्न विचारला, हातांचे रान उठले, मी उजवे हात निवडून उठवू लागलो आणि वडिलांच्या प्रेमाचे मुद्दे एकापाठोपाठ एक बिनचूक बाहेर पडले.

साहेब खूश झाले. खूश झालेला साहेब फार धोकादायक असतो, कारण मग त्याला स्वतःला शिकवावेसे वाटते. ते पुढे आले आणि त्यांनी दुसऱ्या बाकावरच्या एका डाव्या हाताकडे बोट दाखवले. तो हात माझ्या मुलाचा होता.

"बाळ, तू सांग. तुझ्या वडिलांनी तुला असं खांद्यावर कधी घेतलं होतं?"

मुलगा उभा राहिला. "नाही, साहेब."

"लहानपणी उचलून घेतलं असेल."

"नाही."

"अरे, जवळ तरी घेत असतील! आजारी पडलास तर?"

"आमच्यात घेत नाहीत, साहेब."

वर्गात कोणीतरी फिसकन हसले. सगळ्या वर्गाला ठाऊक होते, हेडमास्तरांना ठाऊक होते, खिडकीबाहेरच्या शिपायाला ठाऊक होते. फक्त साहेबांना ठाऊक नव्हते. त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"मास्तर," ते मला म्हणाले, "इतकी सुंदर कविता तुम्ही शिकवता आणि या पोराच्या घरी हा अंधार! कोण आहे याचा बाप? अशा माणसाला शाळेत बोलावून समज दिली पाहिजे."

एवढेच म्हणायचे होते, की साहेब, तो मीच. तीन शब्द. मुलगा माझ्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मी काय उत्तर देतो याची त्याला खरोखर उत्सुकता असावी, असे आता मला वाटते.

मी म्हणालो, "होय साहेब. बोलावतो."

तेव्हा तो खाली बसला. त्याला कोणी बस म्हटले नव्हते.

त्या दिवसापासून खोलीतही तो मला मास्तर म्हणू लागला. "मास्तर, भाकरी झाली." "मास्तर, दिव्यात तेल नाही." आवाजात टोमणा नव्हता, आणि तेच मला सहन होईना. त्याने मला पुन्हा भाऊ म्हणावे, यापलीकडे मला काही नको होते. पण मागायचे कसे? मुलाकडून काही मागायची आमच्याकडे रीत नाही.

इकडे साहेबांनी वहीत शेरा लिहिला होता: 'इयत्ता चौथीतील एका विद्यार्थ्याच्या पालकास योग्य ती समज द्यावी व पूर्ततेचा अहवाल पाठवावा.' हेडमास्तरांनी मला बोलावले. मी म्हटले, "साहेब, पालक मीच. द्या समज आणि मिटवा."

हेडमास्तरांनी दाखल्याचे रजिस्टर उघडले. "पालक तुम्ही नाही. इथे तुमच्या वडिलांचं नाव आहे."

खरेच होते. नाव घालताना मीच लिहिले होते. घरात बाबा असताना पालकाच्या रकान्यात आपले नाव लिहायचे म्हणजे त्यांच्या हयातीत त्यांच्या गादीवर बसण्यासारखे.

"अहो, पण सगळ्यांना माहीत आहे..."

"माहीत असणं वेगळं आणि नोंद असणं वेगळं," हेडमास्तर म्हणाले. "समज नोंदीला द्यावी लागते. आणि ती वर्गशिक्षकानं द्यायची असते."

पत्र गेले. चौथ्या दिवशी बाबा बैलगाडी जुंपून आले, डोक्याला धुतलेला रुमाल, हातात तुरीच्या शेंगांचे गाठोडे. सरकारी कागद आला म्हणजे काहीतरी गुन्हा झाला असणार, अशा तयारीने ते हेडमास्तरांच्या खोलीत उभे राहिले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. मुलालाही बोलावले होते. तो भिंतीला टेकून उभा राहिला.

हेडमास्तरांनी शेरा वाचून दाखवला आणि माझ्याकडे पाहिले. मी घसा साफ केला. स्वतःच्या वडिलांना, स्वतःच्या मुलासमोर, स्वतःच्या अपराधाबद्दल समज देण्याचा प्रसंग किती मास्तरांवर आला असेल मला माहीत नाही.

"पालकांनी," मी म्हणालो, "पाल्याला... म्हणजे, बाबा, पोराला जरा प्रेमानं..."

बाबांनी घरच्या अहिराणीतच मला थांबवले. "कोन म्हने मी पोऱ्याले जवळ लेत नही?"

"तुम्ही नाही, बाबा."

"मंग?"

मुलगाच म्हणाला, "बाबा, तुन्ही गोष्ट नही. या मास्तरनी शे."

बाबांनी माझ्याकडे पाहिले. मग हेडमास्तरांना म्हणाले, "मास्तरसाहेब, यानी चूक नही. मन्हा बाप जित्ता व्हता, तवय मीबी याले कधी उचला नही. हाऊ तापमा फनफनी ऱ्हायना व्हता, तरी मी वसरीमा बठेल. बाप मरना, तवय हाऊ वीस वरीसना व्हयी गया व्हता. मंग काय उचलसू याले?"

मला हे माहीत नव्हते. मला वाटायचे, त्यांना कधी उचलावेसे वाटलेच नसेल.

बाबांनी गाठोडे टेबलावर ठेवले. "मी बाहेर जास," ते म्हणाले. "गाडीजोडे, पाठ करीसन बठस. साहेब, तुम्हीबी चला. मी आठे नही, मंग याले कसानी लाज?"

आणि ते खरोखर गेले. हेडमास्तर स्वतःच्याच खोलीतून, गाठोड्याकडे एकदा बघत, त्यांच्या मागोमाग बाहेर पडले. दार ओढले गेले. खोलीत आम्ही दोघे उरलो.

इतक्या वर्षांची रीत माझ्यासाठी एका म्हाताऱ्या माणसाने मोडली होती आणि आता मला काही सबब नव्हती. मी मुलाजवळ गेलो. तो माझ्या खांद्याला लागला होता. उचलायचे वय कधीच गेले होते. हात पुढे केला, पण तो कुठे ठेवायचा ते कळेना. डोक्यावर ठेवला तर आशीर्वाद होतो, पाठीवर ठेवला तर शाबासकी. शेवटी हात त्याच्या गळ्याशी गेला आणि मी म्हणालो,

"सदऱ्याचं बटण तुटलंय."

"दोन महिने झाले," तो म्हणाला.

दोन महिने हा मुलगा रोज माझ्यासमोर जेवला होता, आणि रोज पाच तास माझ्यासमोर बसला होता.

"बाबा उन्हात बठेल शेत," तो म्हणाला. "मी जाऊ?"

मी जा म्हटले. बाहेर बाबा शाळेकडे पाठ करून बसले होते; आम्हाला पुरेसा वेळ मिळावा म्हणून, मुलाने हाका मारल्या तरी वळले नाहीत. अहवालात मी लिहिले, 'पालकास समज देण्यात आली. पालकाने ती मान्य केली.' हेडमास्तरांनी सही केली. त्या वर्षी शाळेच्या तपासणी-अहवालात माझ्या अध्यापनाचा खास उल्लेख झाला.

रविवारी मी बाजारातून सुई, दोरा आणि एका आण्याची बटणे आणली. मुलगा सदरा काढू लागला. मी म्हटले, "राहू दे, अंगावरच लावतो." त्याला खिडकीजवळ उभे केले आणि मी पाटावर गुडघे टेकून बसलो. सुईत दोरा त्यानेच ओवून दिला, मला चष्म्यातून दिसेना. मी आयुष्यात कधी बटण लावले नव्हते. त्याचा श्वास माझ्या कपाळाला लागत होता. तुरीचा वास येत होता त्याला. छाती किती अरुंद, आणि आत किती जोरात चाललेले काहीतरी. मला घाई करावीशी वाटेना, म्हणून मी नको तितके टाके घातले. एक टाका खोल गेला. तो हलला नाही.

"लागली का?"

"नही."

"लागली असेल."

त्याने हनुवटी खाली करून बटण बघितले.

"थोडी लागनी, भाऊ," तो म्हणाला.