गुन्हा कपाटाचा, शिक्षा बासला

मशीनदादा कोणाच्या घरी दुरुस्तीला गेला की आधी बोलत नसे, तळहात टेकवत असे. घरची बाई "अहो, कालपासून असं धडधडतंय ना..." अशी सुरुवात करायची, की हा एक बोट वर करून तिला गप्प करायचा, वॉशिंग मशीन फिरवायला लावायचा आणि डोळे मिटून पत्र्यावर, भिंतीवर, नळावर हात ठेवत जायचा. दोन मिनिटांत निकाल. "मशीन ठणठणीत आहे. मागचा पाइप भिंतीवर आपटतोय." कानावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. कान चहाडखोर असतो, म्हणायचा. एकाचा गुन्हा ऐकतो आणि दुसऱ्याचं नाव सांगतो.

एवढं शहाणपण माणूस दिवसभर लोकांच्या घरी वाटत फिरतो आणि स्वतःच्या घरी शिरताना चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो.

घरी तो मेटल वाजवायचा, म्हणजे रॉक संगीतातला सगळ्यात दणदणाटी प्रकार. वय सत्तेचाळीस, पोट सुटलेलं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि गळ्यात गिटार, तीही आवाज फाटेपर्यंत ताणलेली. ड्रमवर मेव्हणा. तो बेकरीत पहाटेपासून कणीक मळायचा, त्यामुळे दंड असे की काठ्या महिन्याला दोन मोडायच्या. बास गिटार बायकोकडे. दातांच्या दवाखान्यात दिवसभर लोकांचं विव्हळणं ऐकून आल्यावर तिला घरी काहीतरी जाड, खोल आणि न बोलणारं हवं होतं. आणि गायला दादाची थोरली बहीण, ताई. पोस्टाच्या खिडकीमागे सव्वीस वर्षं बसलेली. तिच्या घशातून जी गुरगुर निघायची ती शिकून येत नाही, त्यासाठी रांगाच पाहाव्या लागतात. गाणंही तिनेच लिहिलेलं. त्याचं पालुपद होतं, "पुढच्या खिडकीवर जा."

शहरातल्या रेडिओवर दर रविवारी बारा वाजता घरी रेकॉर्ड केलेलं एक गाणं लावायचे. एक गाणं फक्त तीनदा पाठवता येई. यांचं तीन महिन्यांत दोनदा परत आलेलं. रेडिओवाल्या बाईंनी दुसऱ्यांदा स्वच्छ लिहिलं होतं, "गाणं झकास. मिक्सिंग म्हणजे डबीत कोंडलेले डास. गाणारी कुठे आहे?"

ताईने तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. "तिसऱ्यांदा परत आलं तर मी गाणं बंद करणार," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं काचेमागून बोलतेय, कोणाला ऐकू जात नाही. घरी पण तेच असेल तर घसा कशाला फोडू?"

ताई असं दोनदा बोलत नसे.

शुक्रवारी पाचच्या आत गाणं पाठवायचं होतं. गुरुवारी दुपारी मागच्या खोलीत चौघं कॉम्प्युटरपुढे बसले. रेकॉर्डिंग चांगलंच होतं. प्रश्न होता चार आवाज एकाच चिमुकल्या खोक्यात बसवायचे कसे, आणि त्या खोक्यात प्रत्येकाला खिडकीजवळची जागा हवी होती.

"मला वर घे," ताई म्हणाली. घेतलं.

"भावोजी, आता माझा ड्रम म्हणजे शेजारी कोणी उशी झोडतंय," मेव्हणा म्हणाला. त्यालाही वर घेतलं. मग गिटार बुडाली, म्हणून दादाने हळूच स्वतःलाही वर घेतलं.

"हळूच म्हणजे आम्हाला दिसत नाही होय?" ताई म्हणाली.

पडद्यावरचे लाल दिवे असे पेटले की जणू आग लागली. गाणं आता डास राहिलं नव्हतं, गिरणी झाली होती. चौघं खाली जाऊन दादाच्या व्हॅनमध्ये बसून ऐकून आले. तिथे पुन्हा डासच, फक्त जास्त रागावलेले.

बायको एकटी काही मागत नव्हती. मटार सोलत होती.

"तू बोल की काहीतरी," दादा वैतागला.

"मी काय बोलू. मी आहे का त्यात?"

"अगं, तुझा तो खालचा सूर आला की म्हशीसारखा हंबरतो. सगळं गाणं चिखलात जातं. म्हणून तुला कमी केलं."

"किती कमी?"

दादाने पडद्याकडे पाहिलं. बरंच कमी होतं.

"एवढं कमी करूनही इथे हंबरतंय, आणि व्हॅनमध्ये तर मी अजिबात नव्हते," बायको म्हणाली. "मग हंबरलं कोण? म्हैस या खोलीतच राहते का?"

दादा उठला. पुढचं त्याच्या डोक्याने केलं नाही, हाताने केलं. त्याने बासचा तो एकच सूर पुन्हा पुन्हा लावला, डोळे मिटले आणि खोलीभर तळहात टेकवत निघाला. टेबल गप्प. दार गप्प. खिडकी गप्प. कोपऱ्यात बायकोच्या आईचं लोखंडी कपाट होतं, दादाच्या वायरी ठेवायला म्हणून सहा महिन्यांपूर्वी रिकामं करून घेतलेलं आणि रिकामंच राहिलेलं. त्याच्या दारावर हात ठेवला आणि दंडापर्यंत मुंग्या आल्या.

"मशीन ठणठणीत आहे," मेव्हणा त्याच्याच आवाजात म्हणाला. "मागे पाइप आपटतोय."

ताई इतकी हसली की तिला खुर्ची धरावी लागली. हंबरणं गाण्यात नव्हतंच. बास वायरीतून थेट कॉम्प्युटरमध्ये गेलेली, धुतल्या तांदळासारखी. स्पीकरवर तो सूर लागला की हंबरत होतं कपाट, आणि दादा कापत होता बायकोला.

"म्हणजे तीन महिने गुन्हा कपाटाचा आणि शिक्षा मला," बायको म्हणाली. "उठा आता."

घरातल्या सगळ्या रजया, उश्या, दादाचा एक जुना कोट कपाटात कोंबला. दार मिटेना, तेव्हा मेव्हण्याने कणकेवर टाकावा तसा भार टाकून मिटवलं. खोलीचा आवाजच बसला. दादाने बास परत जागेवर आणली आणि गाणं पायांवर उभं राहिलं. आता गिटारचा तो खरवडणारा फाटकेपणा एवढा लागेना. पोकळी भरायलाच तर तो वाढवला होता. त्याने स्वतःला खाली घेतलं. अजून खाली. ताईला हातही लावला नाही, तरी ती पुढे येऊन उभी राहिली.

"मला वर घेतलंस?"

"नाही. आम्ही बाजूला झालो."

समोरच्या ताटलीतले मटार ताईने एकेक करून सगळे खाल्ले.

शुक्रवारी साडेचारला गाणं गेलं. रविवारी बारा वाजता चौघं व्हॅनमध्ये दाटीवाटीने बसले, कारण घरात रेडिओ नव्हता. बातम्या झाल्या, हवामान झालं, आणि मग कसलीही प्रस्तावना न करता ताईचा आवाज गुरगुरला, "पुढच्या खिडकीवर जा." अक्षर न् अक्षर. समोरच्या फुटपाथवरून जाणारा एक गृहस्थ दचकून खरंच दोन पावलं पुढे सरकला. मेव्हणा डॅशबोर्ड बडवत होता, दादा चष्मा पुसत होता.

गाणं संपलं तेव्हा रेडिओवाल्या बाई म्हणाल्या, "गाणारी सापडली."

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. तिने पर्समधून तो घडीचा कागद काढला, फाडला, तुकडे परत पर्समध्येच ठेवले.

"माझा आवाज जरा जास्तच पुढे आलाय," ती म्हणाली. "पुढच्या गाण्यात थोडी खाली घे मला."

"आणि ते मधे खर्रर्र काय वाजलं?" मेव्हणा म्हणाला. "बास का?"

बायकोने नुसतं नवऱ्याकडे पाहिलं. दादाचा हात केव्हाच व्हॅनच्या दारावर होता.

"दाराचं प्लास्टिक सैल आहे," तो घाईघाईने म्हणाला. "बास एकदम ठणठणीत."